थंड डोक्याचे इंजिन

कोल्हापुरात जुनी गाडी दुरुस्तीला दिली, की संध्याकाळी मेस्त्री बिलाबरोबर एक पितळी चकती हातावर ठेवतात. मधे स्प्रिंग, खाली बोंडासारखी डबी. "ह्यो थर्मोस्टॅट वॉल. काढून टाकलाय बघा. आता गाडी गरम हुणार न्हाई." त्यांच्या आवाजात दुखरी दाढ उपटल्याचे समाधान असते. इंजिनाच्या कारखान्यात शिकल्यासवरलेल्या लोकांनी तो वॉल का बसवला असेल, हा प्रश्न तिथे विचारायचा नसतो. विचारलाच तर उत्तर तयार असते : "थंड देशातल्या गाड्यांसाठी आस्तंय त्ये."

मेस्त्रींची बाजू अगदीच लंगडी नाही. हा वॉल अडकला आणि बंदच राहिला, तर गणपतीपुळ्याहून परतताना आंबा घाटाच्या चढावर रेडिएटरमधले पाणी उकळते, हेड गॅस्केट जाते आणि मुक्काम साखरप्यातच पडतो. म्हणून जे बिघडू शकते ते मुळातच काढून टाकावे, हा आपला राष्ट्रीय उपाय. गंमत अशी, की काही इंजिनांत हाच वॉल आतल्या बायपासचे तोंडही बंद करत असतो. तो काढला, की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत बसते आणि थंड व्हावी म्हणून वॉल काढलेली गाडी जास्तच तापते.

खरे तर त्या डबीइतका साधा नोकर इंजिनात दुसरा नाही. तिच्यात मेण भरलेले असते. पाणी थंड असते तेव्हा मेण घट्ट आणि दार बंद. पाणी ठरलेल्या तापमानाला, मोटारीत साधारण ८०-८५ अंशांना पोचले, की मेण वितळून फुगते, दांडा ढकलते आणि दार उघडते. ना वीज, ना वायर. अमेरिकेत सर्जियस व्हर्नेटने १९३०च्या दशकात ही मेणाची युक्ती रुळवली. तापमान आपोआप सांभाळण्याची हौस मात्र त्याहून फार जुनी. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच गृहस्थाने अंडी उबवायच्या पेटीसाठी तसली व्यवस्था केली होती. अंडे जास्त तापले तर उकडते आणि कमी तापले तर नासते, हे त्याला कळले होते. इंजिनाचेही तेच असते, एवढे मान्य करायला आपण अजून तयार नाही.

थंड इंजिन आतून कुढते. डिझेल पुरते जळत नाही, पांढरा धूर येतो, कार्बन धरतो. ऑइल दाट राहते. जळण्यातून तयार झालेली वाफ गार लायनरवर पाणी होऊन बसते, तिच्यात इंधनातले गंधक मिसळून आम्ल होते आणि ते लायनर खात राहते. वरून हात लावावा तर इंजिन कसे शांत, थंडगार. मालक खूश. दोन-तीन वर्षांनी "इंजिन काम निघालंय" असा निरोप येतो, तेव्हा कोणी त्या शांततेला दोष देत नाही.

इंजिनाच्या बाबतीत कोल्हापूरला कोणी शहाणपण शिकवावे अशी परिस्थिती नाही. जुन्या पिढीतले कारागीर म्हादबा मेस्त्री यांचे नाव इथे अजून आदराने घेतात. उद्यमनगरात भट्टी, पॅटर्न, लेथ आणि चहा या चार गोष्टी हाकेच्या अंतरावर मिळतात. पलीकडे किर्लोस्करवाडी १९१०पासून उभी आहे, साताऱ्याला कूपर आहे, आणि किर्लोस्करांची ऑइल इंजिने आता कागलजवळही बनतात. वीज पोचण्याआधी पंचगंगेच्या काठचा ऊस अशाच ऑइल इंजिनांनी भिजवला. नदीचे पाणी पंपाने वर ओढायचे आणि त्यातलीच एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरवून पाटात सोडायची. फुकटचे थंड पाणी हाताशी असल्यावर काटकसर कोण करतो? कॉक पुरता उघडा आणि इंजिन दिवसभर गारठलेले. जाणता शेतकरी मात्र बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरायचा आणि हाताला चांगला चटका बसेपर्यंत कॉक आवळायचा. त्याचे डिझेल शेजाऱ्यापेक्षा कमी लागायचे आणि शेजारी म्हणायचा, "त्येचं इंजिनच लकी हाय."

असाच जाणता माणूस गुऱ्हाळावर भेटतो. त्याला गुळव्या म्हणतात. काहिलीतला रस ११८ अंशांच्या आसपास आला, की तो थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो आणि "उतरा" म्हणतो. आधी उतरली तर गूळ ढिला राहतो, उशीर झाला तर करपतो. गुऱ्हाळावर आग लावणारे पुष्कळ असतात, पण सगळ्यांत जास्त मान गुळव्याला असतो. काहील नुसती थंड ठेवली असती तर कोल्हापूरचा गूळ जगाला माहीत झाला नसता.

एवढे पुराण आठवायचे कारण आमचे एक स्नेही. उद्यमनगरात लेथवर हयात घालवून निवृत्त झालेले. त्यांच्या व्याह्यांची मालवणला एक जुनी लाकडी होडी आहे, पोटात तितकेच जुने डिझेल इंजिन. समुद्राचे पाणी थेट इंजिनातून फिरून बाहेर पडते. थर्मोस्टॅटचा पत्ता नाही. धूर पांढरा, डिझेल भरपूर. आमचे स्नेही म्हणाले, "हिला वॉल बसवू या." करूळ घाट उतरताना मीही सोबत होतो, मुख्यतः माशांसाठी.

होडीवरच्या तांडेलाने आधी इंजिनाकडे, मग समुद्राकडे आणि शेवटी आमच्याकडे पाहिले. "दर्यो आसा मां थंड करूक! ह्यो वाल कित्याक व्हयो?" प्रश्न बिनतोड होता. एवढा अरबी समुद्र फुकट मिळत असताना कोल्हापूरच्या पाहुण्यांनी त्याला दार का लावावे?

पण स्नेही तयारीने आले होते. वॉल बसवायचे घर त्यांनी गनमेटलमध्ये ओतून आणले होते, कारण खारे पाणी ॲल्युमिनियमला पोखरते. वॉल त्यांनी मोटारीचा घेतला नव्हता. ६० अंशांच्या आसपास उघडणारा शोधला होता. समुद्राचे पाणी इंजिनात त्याहून फार तापले, की त्यातले क्षार आतल्या वाटांत थर धरून बसतात. गोड पाणी आत आणि खारे पाणी बाहेर ठेवणारा हीट एक्स्चेंजर असता तर ८० चालला असता. बसवण्याआधी त्यांनी वॉल पातेल्यात, थर्मामीटरसोबत उकळून पाहिला; घरच्या बाईंनी ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेणार नाही असे तिथेच जाहीर केले. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, चकतीला हवा निघायला एक बारीक भोक. सगळ्यांत महत्त्वाचा बायपास. वॉल बंद असताना पंपाने ढकललेल्या पाण्याला वाट हवी आणि एक्झॉस्टला गार करणारी धारही अखंड हवी. नाहीतर इंजिन तापायच्या आत एक्झॉस्टचा रबरी पाइप जळतो. शेजारी तापमानाचा काटा लावला.

हे सगळे पाहताना मला इंजिनापेक्षा माणसेच जास्त आठवत होती. रागीट माणसाला आपण सरसकट "थंड घे" म्हणतो. सभेत, घरात, संस्थेत जरा कोणी तापले की त्याच्यावर गार पाणी ओततो, आणि मग कामे अर्धवट जळून नुसता पांढरा धूर का येतो याचे आश्चर्य करतो. कोल्हापूरचा माणूस लवकर तापतो हे खरे. पण २०१९च्या महापुरात चिखली-आंबेवाडीतल्या माणसांना होड्यांतून बाहेर काढले, ते काही गारठलेल्या माणसांनी नव्हे. ताप हवाच, फक्त कधी दार उघडायचे हे ठाऊक असलेले थोडे मेण आत हवे.

होडी खाडीतून फिरून आली. काटा ६०च्या आसपास स्थिर राहिला, धूर विरळ झाला. तांडेलाने इंजिनाला हात लावला, चटकन मागे घेतला आणि हे आपल्याला पटले नसल्याचे सांगितले. वॉल मात्र त्याने आजतागायत काढलेला नाही. मालवणात कोल्हापूरकराला याहून मोठी पावती मिळत नाही.