आधी तो निळा पडदा बंद करा

कोडिंग कुठल्या भाषेपासून शिकावं? दहावी-बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न घरोघर निघतो. उत्तर द्यायला आयटीतला मामा असतोच. तो स्वतः जी भाषा शिकला, तीच सांगतो.

मामाचं कॉलेज कधी संपलं, हे कुणी विचारत नाही.

कित्येक कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी++ चालतं. बोरलँडचं हे सॉफ्टवेअर १९९० सालचं, डॉसच्या जमान्यातलं. आजच्या विंडोजवर ते धड चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये बसवायचं. निळा पडदा उघडतो, माउस आत अडकतो. उत्तर दिसायच्या आत पडदा बदलू नये म्हणून शेवटी 'गेटसीएच' लिहायचं. का? लिहायचं म्हणून लिहायचं. सी++ चं पहिलं अधिकृत प्रमाण ठरलं १९९८ साली. हे सॉफ्टवेअर त्याच्याही आधीचं. पोरं पाठ करतात ती हेडर फाइल आजचा कंपायलर ओळखतही नाही.

वर तोच कोड पेनाने जर्नलमध्ये उतरवायचा. मग संगणक हवाच कशाला?

नवशिक्याला पायथन द्या. गिदो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये बाहेर आणली, म्हणजे तीही काही कालची नाही. पडद्यावर 'नमस्कार' उमटवायला एक ओळ पुरते, तीही देवनागरीत. 'टोटल' लिहिताना अक्षरं उलटसुलट झाली, तर ती ओळीचा नंबर दाखवते आणि विचारते, तुम्हाला 'टोटल' म्हणायचं होतं का? सीबीएसईने अकरावी-बारावीला सी++ सोडून हीच भाषा घेतली.

सी वाईट आहे का? मुळीच नाही. पण पॉइंटर पहिल्या आठवड्यात नकोत.

साधन? थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेलं, फुकट, पायथन आतच घेऊन येणारं. एकेक ओळ चालवून कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते दाखवतं. व्हीएस कोड नंतर. त्याच्या एक्स्टेन्शन्समध्येच नवखा हरवतो. लॅपटॉप नाही? गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतं. टायपिंगला जीव मेटाकुटीला येतो, पण प्रोग्राम चालतो.

आणि पहिल्याच दिवशी एआयकडून कोड लिहून घेऊ नका. शिकायचंय कुणाला, त्याला की तुम्हाला?

घरचं वीजबिल काढायचा प्रोग्राम लिहा. पहिल्या १०० युनिटांना एक दर, पुढे ३०० पर्यंत दुसरा. 'इफ-एल्स' तिथेच कळतं. महावितरणच्या बिलाशी आकडा जुळत नाही? स्थिर आकार राहिला. वहन आकारसुद्धा.