चिखलीचा तलावदार

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात सोयाबीनचा पैसा, प्लॉटचे व्यवहार आणि मुलाची पुण्यातील नोकरी यांच्या संयोगातून जो नवा वर्ग उदयास आला आहे, त्याच्या एका उपप्रकारास, दुसरे नाव रूढ नसल्यामुळे, 'तलावदार' म्हणावे लागते. खामगाव किंवा मेहकर रस्त्यालगतच्या शेतात बंगली उठवून तिच्यापुढे सुमारे ५०,००० लिटरचा, निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव ज्याने बांधला आहे, आणि ज्यास स्वतःला पोहता येत नाही, तो तलावदार होय.

त्याचा शत्रू एकच, शेवाळ. चैत्राच्या उन्हात पाण्यातील मोकळे क्लोरीन, त्याला टिकवून धरणारे द्रव्य घातले नसेल तर, काही तासांतच निकामी होते. शेजारच्या शेतातून उडून येणारी धूळ शेवाळाला नायट्रेट व फॉस्फेट आयते पुरवते, आणि आठवड्याभरात पाणी हिरवेगार होते. लोणारचे सरोवर याच जिल्ह्यातले. त्याचे हिरवे पाणी पाहायला परगावचे लोक येतात आणि २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा तर देशभर बातमी झाली. तलावदाराच्या तलावाला मात्र रंगाची ही मुभा पाहुणे देत नाहीत.

रोज गाळणयंत्र चालवणे, भिंती घासणे, क्लोरीन तपासणे हे उपाय त्याला ठाऊक असतात, पण ते गड्याचे काम वाटते. त्याचा विश्वास मोरचुदावर, म्हणजे तांब्याच्या सल्फेटच्या निळ्या खड्यांवर. या विश्वासामागे परंपरा आहे, हे मान्य केले पाहिजे. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षवेलींवरील केवडा रोगासाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण पुढे आणले, आणि तलावदाराच्या वडिलांनी संत्र्याच्या बुंध्याला तेच चोपडले. पुढे १९०४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर व केलरमन यांनी जलाशयातील शेवाळावर मोरचूद चालते, हेही दाखवले. औषध खोटे नाही. खोटे आहे ते माप.

मोरचुदात तांबे अवघे चौथा हिस्सा असते, आणि तलावात ते लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. म्हणजे ५०,००० लिटरला सुमारे ६० ग्रॅम मोरचूद. कृषी सेवा केंद्रात मात्र पुडा एक किलोचा मिळतो, आणि फोडलेला पुडा अर्धवट ठेवणे तलावदाराच्या स्वभावात नाही. तो अख्खा ओततो, तेव्हा तांबे लिटरला ५ मिलिग्रॅमवर जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे, "हे पाणी पिण्याचं थोडंच आहे?" असा त्याचा युक्तिवाद असतो, पण डुंबणाऱ्या पोरांनी तो कधीच मान्य केलेला नसतो.

बोअरच्या जड, अल्कधर्मी पाण्यात हे तांबे फार काळ विरघळून राहत नाही. कार्बोनेटच्या रूपाने बरेचसे खाली बसते, पाण्याला निळसर गढूळपणा येतो आणि फरशीच्या सांध्यांत न निघणारे हिरवट डाग धरतात. हा गढूळपणा म्हणजेच 'पूलचा ओरिजिनल कलर', असे तलावदार पाहुण्यांना सांगतो. पंधरा दिवसांनी शेवाळ परतते, दुसरा पुडा फुटतो. उन्हाने पाणी उडते, तांबे उडत नाही. त्यामुळे वरून भर घालत गेले की त्याची शिल्लक वाढतच जाते, आणि अशी शिल्लक वाढणारे हे तलावदाराचे बहुधा एकमेव खाते असावे. उन्हाळ्यात आलेल्या सासऱ्यांच्या पांढऱ्या केसांवर हिरवी झाक उमटते, कारण तांबे केसांतील प्रथिनाला चिकटते. जावई दोष खोबरेल तेलाला देतो, आणि सासरे, मुलीच्या घरी आहोत हे ओळखून, गप्प बसतात.

तांबे घटवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी उपसून नवे भरणे. ही उपरती तलावदाराला नेमकी मे महिन्यात होते, जेव्हा बोअर आटलेले असते आणि पाणी टँकरनेच आणावे लागते. नळी सोडण्यापूर्वी टँकरवाला काठावर उभा राहून तळाकडे नीट पाहतो, आणि अत्यंत आदराने विचारतो, "भाऊ, हे फवारणीचं पाणी कोणत्या बागेसाठी कालवलं?"