एमएसवालीचे बाबा

"शनिवारी आमची जीआरई आहे हो," असं शेजारचे काका मला जिन्यात म्हणाले, तेव्हा मी मनापासून शुभेच्छा दिल्या. नुकतेच वीज मंडळातून निवृत्त झालेले, गुडघ्याला पट्टा, सकाळी टेकडी, संध्याकाळी बातम्या. या वयात माणसाला शिकावंसं वाटतंय तर आपण कोण नाट लावणार? परीक्षा त्यांच्या लेकीची आहे हे मला दोन दिवसांनी कळलं. तेही काकूंकडून.

कोथरूडमध्ये दर सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच. पाऊस सुरू झाला की तो दिसू लागतो आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत टिकतो. ओळखायची खूण एकच. मूल शिकायला अमेरिकेला निघालेलं असतं, पण क्रियापद यांचं असतं, आणि तेही अनेकवचनी. "आम्ही आठ ठिकाणी टाकतोय. तीन अ‍ॅम्बिशस, तीन मॉडरेट, दोन सेफ." "आम्हाला ३२१ पडले." यातला 'आम्ही' म्हणजे नेमकं कोण, हे त्या मुलीलाही वर्षभर उलगडलेलं नसतं.

३२१ कशापैकी, असं मी एकदा विचारून बसलो. काकांनी मला पायरीवर बसवलं. दोन भाग, प्रत्येकात १३० ते १७०, म्हणजे एकूण ३४०. "आणि काहीच आलं नाही तर?" "तरी २६०." काकांना या २६०चं फार कौतुक. आमच्या वेळी पेपर कोरा दिला की शून्य मिळायचं आणि वर वडिलांना शाळेत बोलावायचे. अमेरिका नुसत्या येण्याचे २६० देते, यालाच म्हणतात संधीचा देश! त्यांना सलत होतं ते वेगळंच. पूर्वी ही परीक्षा पावणेचार तास चालायची, २०२३च्या सप्टेंबरपासून ती दोन तासांच्याही आत आली. आणि आता कितीतरी विद्यापीठं ती मागतसुद्धा नाहीत. "दर्जा घसरला हो," असं काका अशा आवाजात म्हणाले, की ती परीक्षा जणू यांच्याच आजोबांनी सुरू केली होती.

'फॉल', म्हणजे तिकडचं ऑगस्टमध्ये सुरू होणारं सत्र. या शब्दाने त्या घरात निराळाच घोळ घातला. "आम्ही फॉलला जाणार," असं काकांनी फोनवर सांगितलं आणि पलीकडून त्यांच्या बहिणीने विचारलं, "कुठल्या साडीच्या?"

खरी कसोटी लागली ती एसओपीला. तुम्हाला हा विषय का शिकायचाय, आमच्याकडेच का शिकायचाय आणि शिकून पुढे काय करणार, एवढं हजारभर शब्दांत सांगायचं असतं. मुलीने ते लिहून ठेवलं होतं. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि "यात आपलं घराणं कुठाय?" असं विचारून स्वतः लिहायला बसले. त्यांचा मसुदा पानिपतावरून निघाला, वाटेत कोकणातलं मूळ गाव लागलं, आजोबांची शिक्षकी झाली, आणि साडेआठशे शब्द झाल्यावर मुलीचा जन्म झाला. पुढे तिने वयाच्या सहाव्या वर्षी घरचा मिक्सर उघडून आतली मोटर पाहिली, असा प्रसंग होता. तो मी वाचला तेव्हा काकू शेजारीच लसूण सोलत होत्या. "मिक्सर यांनी उघडला होता," त्या मान वर न करता म्हणाल्या. "परत लागला नाही. ती तेव्हा झोपलेली होती."

मुलीने बाबांचा मसुदा मन लावून वाचला, "छान झालाय" म्हणाली आणि आठही ठिकाणी आपलाच पाठवला. काकांना हे अजून माहीत नाही.

शिफारसपत्रांचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. तीन लागतात. आपल्याकडची जुनी रीत अशी की सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग विद्यार्थी रात्री बसून स्वतःची स्तुती लिहितो आणि सकाळी लाजत नेऊन देतो. आता विद्यापीठातून थेट सरांच्या कॉलेजच्या ईमेलवर लिंक येते. काका म्हणाले, लिंक जाईल, पण माणूसही जायला हवा. पेढ्यांचा पुडा घेऊन ते तीन दिवस कॉलेजच्या व्हरांड्यात उभे राहिले. चौथ्या दिवशी सरांनी लिंक भरली आणि वर विचारलं, "तुमचा कुठला विषय?"

ट्रान्स्क्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकांचं, सविस्तर सांगत नाही. ज्यांनी ती काढली आहेत त्यांच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं? तिथे एक खिडकी होती, खिडकीला जेवणाची सुट्टी होती, आणि पाकिटाच्या जोडावर अर्धा इकडे अर्धा तिकडे असा शिक्का मारून घ्यायचा होता. तो कागदावर पूर्ण उमटला म्हणून काका परत गेले. जन्मभर लोकांची वीजबिलं दुरुस्त करून द्यायला ज्यांनी "उद्या या" म्हटलं, त्यांना तिथे "उद्या या" ऐकावं लागलं, यात मला वैश्विक न्याय वगैरे दिसला. पण मी बोललो नाही. शेजारधर्म असतो.

मार्चपर्यंत निकाल आले. पाच नकार, तीन अ‍ॅडमिट. नकाराचं पत्र मुलगी पहिली ओळ वाचून बंद करायची. काका शेवटपर्यंत वाचायचे, सहीच्या खाली कुठे काही आशा राहिलीय का बघायचे आणि मग शांतपणे म्हणायचे, "तिथे तसाही बर्फ फार पडतो." नकार आलेल्या पाचही गावांत काकांच्या मते राहण्यासारखं काही नव्हतं. नक्की झालं ते अ‍ॅरिझोना स्टेट. गाव टेंपी, फिनिक्सला खेटून. तिथे बर्फाचं नाव नाही. २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्याही वर पोचत होता. ११० म्हणजे किती, हे विचारायच्या आतच काकांनी सांगितलं, "४३ पूर्णांक ३. म्हणजे आपलं अकोला." आणि त्याच संध्याकाळी काकू चार स्वेटर घेऊन आल्या. अमेरिका म्हणजे थंडी, या मताला त्यांच्या माहेरी तीन पिढ्यांचा आधार आहे.

पैशांचं प्रकरण आठवलं की मला अजून हसू येतं आणि मग येत नाही. आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद, मिळायला वर्षभराचा खर्च खात्यात आहे असं दाखवावं लागतं. फ्लॅट कर्जाला तारण गेला. मामाची एफडी 'नुसती दाखवायला' आली. सीएने एकूण मालमत्तेचा दाखला दिला, त्यात आजींच्या पाटल्याही धरल्या होत्या, सराफाच्या सही-शिक्क्यानिशी. १९६२ साली लग्नात घातल्यापासून आजींनी त्या फक्त एकदा काढल्या, या वजनकाट्यावर ठेवायला. "अमेरिकेला कशाला हव्यात माझ्या पाटल्या?" आजींनी विचारलं. "नकोत, नुसत्या बघणार आहेत." "मग येऊन बघ म्हणावं."

हे सगळं एका निळ्या फाईलीत गेलं. फाईलीला रंगीत चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांची अनुक्रमणिका, अनुक्रमणिकेची झेरॉक्स. सेविस या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५ डॉलर भरल्याच्या पावत्या सर्वांत वर. पुण्याचा माणूस कितीही मोठा असो, अमेरिकेच्या व्हिसासाठी त्याला सहसा मुंबईच गाठावी लागते. वांद्रे-कुर्ला संकुलातली सकाळी साडेआठची वेळ, म्हणून काकांनी गाडी रात्री अडीचला काढायला लावली. मीही गेलो होतो, सोबत म्हणून. एक्स्प्रेसवेवर पूर्ण अंधारात काकांनी लेकीची उजळणी घेतली. "परत येणार का, असं विचारलं तर?" "येणार." "का येणार?" मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. "आईबाबा इथे आहेत म्हणून." काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे छान आहे. हेच सांग."

आत आईवडिलांना सोडत नाहीत आणि फोनही नेता येत नाही. त्यामुळे काका बाहेर पदपथावर, हातात लेकीचा फोन, आणि लेक आत, हातात काकांची फाईल. असे बाहेर उभे असलेले तीसचाळीस बाप तिथे रोज असतात. सगळ्यांच्या हातात मुलांचे फोन, कव्हरांवर मांजरं नाहीतर कार्टून. कोणी कोणाशी बोलत नाही, पण दार उघडलं की सगळ्यांची मान एकदम वळते. दीडेक तासाने ती आली.

"झालं."

"काय विचारलं?"

"कुठली युनि, हीच का, आणि पैसे कोण देणार."

"मग? तू काय सांगितलंस? सीएचा दाखला, तारण, मामाची..."

"बाबा म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच. दोन मिनिटांत झालं."

"आणि फाईल?"

"उघडलीच नाही हो त्यांनी."

व्हिसा मिळाल्याचा आनंद काकांना खालापूरच्या अलीकडे कुठेतरी झाला. तोवर ते फाईल मांडीवर घेऊन बसले होते, आणि एकेक चिठ्ठी नीट चिकटली आहे ना ते बघत होते.

इथे मला गोपाळराव जोशी आठवतात. पोस्टातली नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून पत्रं लिहिली, त्यातलं एक तिकडच्या मासिकात छापून आलं, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं आणि १८८३च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या. पोचायला जवळजवळ दोन महिने लागले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. आमच्या या जातीचे मूळ पुरुष गोपाळरावच, असं मी काकांना सुचवून पाहिलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला. "पण त्यांना बोटीचं लाइव्ह ट्रॅकिंग नव्हतं," ते कणवेने म्हणाले.

सामानाला मर्यादा होती दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. काकांनी आधी न्हाणीघरातल्या काट्यावर बॅग घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत अवलंबली. त्यामुळे काकांचं वजन ८१ आहे हे सोसायटीत सर्वांना कळलं. मग हुकाचा काटा आणला. त्याला लटकून कुकर गेला, कुकरच्या तीन रिंगा आणि दोन शिट्ट्या गेल्या. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला. मिक्सर नाही. तिकडे ११० ते १२० व्होल्ट, आपले २३०. वीज मंडळात उभा जन्म काढलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागली. "एवढ्याशा दाबावर ती माणसं जगतात कशी?" असं ते बरेच दिवस विचारत होते.

शिवाय तिकडे स्वयंपाकघरात जरा धूर झाला की भोंगा वाजतो, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. म्हणून फोडणीचा सराव ठेवला. खिडक्या बंद, मुलगी कढईपाशी, काका स्टुलावर चढून छताशी नाक नेऊन बसलेले. मोहरी तडतडली, मिरची पडली आणि वरून काकाच खोकत ओरडले, "वाजला! वाजला!"

विमानतळावरचं लिहीत नाही. तिथे काकू रडल्या नाहीत, एवढं सांगतो.

आता तिला जाऊन दोन महिने झाले. काकांच्या हॉलमध्ये भिंतीवर एकच घड्याळ आहे आणि दुसरं लावणार नाही म्हणतात. अ‍ॅरिझोना आपल्या साडेबारा तास मागे. म्हणजे काटे तेच, फक्त अर्धा तास मागे वाचायचं आणि दिवसाची रात्र करायची. सकाळी पावणेनऊला त्यांचा चहा होतो तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे सव्वाआठ. शिवाय अ‍ॅरिझोनाचा बहुतेक भाग वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे करत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे, त्यांना हा हिशोब दर मार्चला आणि नोव्हेंबरला बदलावा लागतो. काका त्यांच्याकडे जरा दयेने बघतात.

परवा जिन्यात भेटले. फोनवर नकाशा उघडा होता. "अपाची बुलेवार्डवरून जाते ही रोज," ते म्हणाले. "तिला सांगितलं, आतल्या रस्त्याने जा, सावली आहे. ऐकत नाही." मी विचारलं, कर्वे रोडला नवीन झालेलं ते दुकान कुठेसं आहे हो? काकांनी बराच विचार केला. त्यांना माहीत नव्हतं.

तेवढ्यात माझा भाचा वर आला. सांगलीचा आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आमच्याकडेच राहतो. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग माझ्याकडे वळले, आवाज खाली आणला.

"आपली जीआरई कधी?"

मी काही बोलायच्या आत ते घरात वळलेही होते. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काकूंचा.

"द्या, द्या. नेऊन टाका तो काटा एकदाचा. मी रोज त्याच्यावर कोथिंबीर मोजताना बघतेय तुम्हाला."