चासी ठरायची आहे

लोटस एलान या जुन्या स्पोर्ट्स गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बदलायच्या विचारात असलेले गृहस्थ लांबूनही ओळखू येतात. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात बाकीची मंडळी बॉनेटपाशी उभी राहून इंजिनाची तारीफ करत असतात, तेव्हा हे गुडघ्याखाली वर्तमानपत्र घालून गाडीच्या पोटाखाली शिरलेले असतात. बाहेर येतात ते गंभीर चेहऱ्यानं. "पुढचा क्रॉसमेंबर गेलाय," एवढंच म्हणतात. गाडी दुसऱ्याची, दुःख मात्र यांचं स्वतःचं.

इंग्लंडात असे गृहस्थ बरेच सापडतात. वय साठीच्या पुढचं. पोरवयात टीव्हीवर 'द अ‍ॅव्हेंजर्स' या मालिकेतल्या एमा पीलला, म्हणजे डायना रिगला, एलान चालवताना पाहिलेलं असतं. मग नोकरी, घराचं कर्ज, मुलांची शिक्षणं. निवृत्तीची रक्कम हातात पडली की गाडी दारात येते. एमा पील येत नाही, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नसते.

गाडी आहेच तशी. बाजारात आली १९६२ साली. वजन सातशे किलोच्या आत, म्हणजे आपल्या मारुती ८०० च्या आसपास. वरचं अंग फायबरग्लासचं. ते गंजत नाही. खाली मधोमध दुमडलेल्या पत्र्याचा पोकळ कणा, दोन्ही टोकांना फाटे फुटलेला; हीच चासी. हा कणा गंजतो, आणि मन लावून गंजतो. त्यात एक वस्ताद करामत अशी की, पुढचा आडवा भाग, म्हणजे तोच क्रॉसमेंबर, हवाबंद ठेवून हेडलाइट उचलणारी निर्वात पोकळी तिथंच साठवली आहे. सुरुवातीच्या गाड्यांत त्या पत्र्याला भोक पडलं की दिवे हळूहळू पापण्या मिटल्यासारखे खाली बसतात. गृहस्थ आधी रबरी नळ्या बदलतात. मग आणखी चांगल्या नळ्या बदलतात. खरं काय ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलेलं असतं.

आता चासी बदलायची. पण कुठली? इथून पुढची काही वर्षं गृहस्थांची फार मजेत जातात.

सोमवारी ते सोवळ्यात असतात. मूळ चासीच ठेवायची, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा. हे सोवळं बुधवारपर्यंत टिकतं. मग कुणीतरी सांगतं की, वेल्डिंग करताना कणा जरा जरी पिळला गेला तरी गाडी सरळ चालायची नाही. लगेच गृहस्थ जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या चासीकडे वळतात. गंजाची कटकटच मिटली! पण रात्री झोप लागत नाही. वितळलेलं जस्त साडेचारशे अंशांवर असतं. पातळ पत्रा त्यात बुडवला तर वाकणार नाही कशावरून? बोल्टांच्या आट्यांत जस्त साचलं तर ते कोण खरवडणार? आणि मुख्य म्हणजे, मूळ एलानला जस्त होतं का? नव्हतं. मेळाव्यातल्या परीक्षकांनी वाकून पाहिलं तर? (परीक्षक वाकून पाहतातच, तेही याच बिरादरीतले.)

तिसरा पंथ 'स्पायडर' कंपनीच्या चासीचा. ही नळ्या जोडून केलेली चासी. ताठ, मजबूत, आणि गंजाला दडायला पत्र्याच्या बंद पेट्या नाहीत. घरात गृहस्थ तिचं तोंड भरून कौतुक करतात. मित्रांत मात्र तिचं नाव खालच्या आवाजात घेतात. त्यांच्या पत्नी कपात चहा ओतता ओतता विचारतात, "मग गाडी चालणार कधी?" हा प्रश्न गृहस्थांना असभ्य वाटतो.

सरकारनंही या नादाला खतपाणीच घातलं. ब्रिटनच्या डीव्हीएलए या वाहननोंदणी खात्यात मोठे फेरफार केलेल्या गाडीला कितीतरी वर्षं गुण मोजले जात. जुना नंबर टिकवायला आठ गुण लागत. त्यात मूळ किंवा त्याच बनावटीच्या नव्या चासीला पाच, आणि इंजिनाला फक्त एक. गृहस्थांनी तो तक्ता गॅरेजच्या भिंतीवर लावला. इंजिनवाल्या मित्राला बोलावून मुद्दाम दाखवला. पुढं नियम बदलले, पण तक्ता काही उतरला नाही.

गंमत म्हणजे ज्या कॉलिन चॅपमननं ही गाडी काढली, त्याला असलं सोवळं मुळीच नव्हतं. त्याच्या आधीच्या 'एलीट' या गाडीला वेगळी चासीच नव्हती, सगळं अंग फायबरग्लासचं. ती विकून कंपनी तोट्यात गेली, आणि एलानला स्वस्तात होणारा पत्र्याचा कणा आला. शिवाय एलान सुट्या भागांतही मिळायची, कारण तशी घेतली की खरेदीकर वाचायचा. तेव्हा ज्या बोल्टचा मूळपणा आज गृहस्थ जिवापाड जपतात, तो १९६५ साली एखाद्या बँकेतल्या कारकुनानं रविवारी घरी, पावसात, घाईघाईनं आवळलेला असू शकतो.

गाडीचा आराखडा करणाऱ्या रॉन हिकमनची तऱ्हा आणखी निराळी. घरी लाकूड कापताना त्यानं खुर्चीलाच करवत लावली, आणि त्यातून त्याला घडीचं कामाचं टेबल सुचलं. ब्लॅक अँड डेकरनं तेच पुढं 'वर्कमेट' म्हणून विकलं. एकाच माणसानं गाडीही द्यावी आणि ती जन्मभर दुरुस्त करत बसायला टेबलही द्यावं, हे औदार्य मला तरी दुसरीकडे दिसलेलं नाही. गृहस्थांकडे दोन्ही आहेत. टेबलावर सध्या हत्यारं नसतात, तिन्ही चास्यांच्या किमतींची फाइल असते.

कधी इंग्लंडात अशा गॅरेजात चहाचं बोलावणं आलं तर जरूर जा; चहा आणि गप्पा दोन्ही उत्तम. फक्त "तुम्ही असता तर कुठली घेतली असती?" असं विचारलं, तर चुकूनही नाव घेऊ नका. "आणखी एकदा नीट पाहून घ्या," म्हणा.