निरंक असल्यास निरंक कळवावे

कंधार-लोह्याकडून अहमदपूरच्या दिशेनं निघालं की बालाघाटाच्या उतारावर दोन खोल्यांची शाळा लागते. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. भिंतीवर सूर्यमाला, खांबांवर पाढे, अंगणात कडुनिंब आणि त्याच्याखाली हापसा. हापशाला पाणी मार्च लागेपर्यंत. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. एक तर अशा शाळा नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांत गावोगावी आहेत, आणि दुसरं, नाव छापलं की मुख्याध्यापकांकडून लेखी खुलासा मागवला जातो.

भाग तसा दोन्हीकडचा. जिल्हा नांदेड, पण लोहा विधानसभा मतदारसंघ लोकसभेला लातूरला जोडलेला. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या बाकीच्यांनी २६ एप्रिलला मतदान केलं आणि इथल्यांनी लातूरकरांबरोबर ७ मेला. इकडं लातूर पॅटर्नची कीर्ती अशी की लेकरू नीट बसायला शिकायच्या आधीच घरात ‘नीट’ची चर्चा सुरू होते. त्या पॅटर्नच्या मुळाशी मात्र हीच दोन खोल्यांची शाळा, आणि तिच्या हजेरीपटावर मार्च २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात नावं होती एकोणीस.

एकोणीस हा आकडा वाईट. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात तेव्हा अशा शाळा निघाल्या १४,७८३ आणि त्यांतली मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. आदर्श म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ दाखवण्यात आलं. पुढच्या वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर शिक्षक दिनाचा मुहूर्त साधून, निर्णय आला की वीसपर्यंतच्या पटाला दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी असेल. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात वीसचे दहा झाले. गणिताच्या पेपरात एवढी खाडाखोड केली असती तर लेकराचे गुण कापले गेले असते.

तर, सोमवार. शाळा सकाळची.

परिपाठाला लेकरं रांगेत उभी राहतात न राहतात तोच सरांच्या खिशातला फोन तीनदा वाजतो. केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर ‘अत्यंत तातडीचे’ आलेलं असतं. लिंक आजच भरायची असते आणि मुदत बहुधा काल संपलेली असते. ‘ज्या शाळांनी माहिती भरलेली नाही त्यांची यादी सोबत’ असा दुसरा संदेश. यादीत आपली शाळा. तिसरा संदेश ठरलेला: ‘निरंक असल्यास निरंक कळवावे.’ काही नाही हे कळवण्यासाठी सर हापशाच्या ओट्यावर चढतात, कारण रेंज तिथंच मिळते. खाली प्रार्थना संपलेली असते. लेकरं तशीच उभी, हात जोडून. चौथीतला एक जण हुशार, तो सरांकडं बघून हळूच म्हणतो, “लिंक गेली का सर?”

विद्या समीक्षा केंद्राची हजेरी वेगळी, पोषण आहाराची वेगळी, कागदावरची तिसरी. एकोणीस लेकरांची हजेरी तीनदा घ्यायची म्हणजे सत्तावन्न होतात. पट वाढवण्याचा एवढा सोपा मार्ग खात्याला अजून कसा सुचला नाही, याचं आश्चर्य आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं २७ वं कलम म्हणतं की दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. म्हणजे कायद्यानंच दरवाजा लावला आणि तीन खिडक्या उघड्या ठेवल्या. जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाचं मराठा सर्वेक्षण आलं, तेव्हा गुरुजी मोबाइल घेऊन घरोघरी. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानं कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं अशैक्षणिक याची वर्गवारी काढली. ती सर्व शिक्षकांनी वाचल्याची नोंद कुठल्या लिंकवर करायची, एवढंच राहून गेलं.

मंगळवारी विसावं लेकरू सापडलं.

साखर कारखान्यांचे पट्टे पडायला लागले की मार्चमध्ये तांड्यावरची, वाडीवरची कोयत्याची मंडळी परतू लागतात. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन निघायचं, फडात पाचटाच्या कोपीत पाच महिने काढायचे, आणि ऊन चढायला लागलं की घरी. लेकरं मागं ठेवून जावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, सोबत गेलेल्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. शाळेचा पट मंजुरीसाठी मोजतात ३० सप्टेंबरला, तेव्हा ही सगळी गावात असतात. सरकारचं गणित आणि उसाचं गणित एवढ्या एका तारखेपुरतं जुळतं.

तिसरीतली एक पोरगी अशीच परतली. उन्हानं करपलेली, हाताला पाचटाचे ओरखडे. पाच महिन्यांत बारा आणि बारा किती हे ती विसरली नव्हती, कारण मोळ्या तीच मोजत होती. मॅडमनी तिला जवळ बसवलं, पाटी दिली. सरांनी आनंदानं पोर्टल उघडलं. पोर्टलवर पोरगी ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये. यू-डायस प्लसच्या भाषेत, शाळेतून गेलेली पण कुठं पोहोचलेली नाही अशी लेकरं त्या पेटीत पडतात. पेटीतून तिला काढावं तर आधारवरच्या नावात एक अक्षर जास्त आणि हजेरीपटात एक कमी. आधार जुळत नाही तोवर ती मोजली जात नाही. ती पहिल्या रांगेत बसून खिडकीबाहेरच्या सरड्याला दगड दाखवत होती, हा पुरावा पोर्टलला चालत नाही. आधार दुरुस्तीचं केंद्र तालुक्याला. बापाची एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं जायचं-यायचं भाडं खर्चून मिळणारं ते अक्षर.

बुधवारी रंगपंचमी होती. त्या दिवशी कुणी काही कळवलं नाही, किंवा कळवलं असेल तर फोन रंगात भिजला होता.

गुरुवारी खिचडी. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असा केंद्राचा हिशोब. हे सगळं शिजवणाऱ्या ताईंना महिन्याला अडीच हजार मानधन. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी हजेरी कशी असायची ते मॅडमना विचारा. ताप आलेलं लेकरूसुद्धा आईच्या कडेवर बसून यायचं. २८ जानेवारी २०२५ ला शासन निर्णय आला: अंड्यासाठी आणि नाचणी सत्त्वाच्या साखरेसाठी वेगळा पैसा मिळणार नाही, हवं असेल तर लोकसहभागातून करा. लोक म्हणजे कोण? कोयत्यावरून परत आलेले तेच, ज्यांची उचल अजून फिटायची आहे. शालेय व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा एका सदस्यानं शांतपणे सांगितलं, “सर, कोंबडी देतो. अंडं तिच्याकडून तुम्हीच घ्या.” इतिवृत्तात हे ‘समिती सकारात्मक’ असं नोंदवलं गेलं.

उन्हाचंही एक धोरण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरलं की लहानग्यांची झोप पुरी होत नाही, म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. वर्षभरानं, २८ मार्च २०२५ ला, राज्यभर एकच वेळापत्रक निघालं: उन्हाळ्यात प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी रास्तच. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून दाखवलं तर कुणीही सातची शाळा मागेल. पण त्याच हंगामात वार्षिक परीक्षेच्या तारखा आल्या त्या ८ ते २५ एप्रिल, आणि निकाल १ मेला झेंडावंदनानंतर. मधले दिवस पेपर तपासायला, संकलित नोंदी करायला, प्रगतिपत्रकं लिहायला, आणि ऑनलाइन गुण भरताना साइट बंद पडल्यावर तिची वाट बघायला.

या नोंदींचा उल्लेख केला नाही तर मॅडमवर अन्याय होईल. २०१० पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात प्रत्येक लेकराच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद करावी लागते, म्हणजे लेकराला नुसतं ‘पास’ म्हणून भागत नाही. गुरुवारी रात्री मॅडम वही घेऊन बसल्या. ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो.’ ‘गटात उत्साहाने सहभागी होते.’ ‘स्वतःच्या शब्दात अनुभव कथन करतो.’ बाजारात छापील नोंदींची पुस्तकं मिळतात, पण मॅडम जुन्या वळणाच्या, स्वतः लिहितात. परतलेल्या पोरीच्या नावापाशी पेन थांबलं. पाच महिने ती कुठं होती आणि काय काय शिकली हे लिहायला रकान्यात जागा नव्हती. ‘व्यवहारातील गणित करते’ असं लिहून त्यांनी खाली तारीख टाकली. पोर्टलवर नसलेल्या लेकराची नोंद करता येते का, हा प्रश्न त्यांनी सरांना विचारला नाही. विचारला असता तर सरांनी मार्गदर्शन मागवलं असतं, आणि मार्गदर्शन येईपर्यंत पोरगी पाचवीत गेली असती.

शुक्रवारी दोघं पट शोधायला निघाले. पाडवा नऊ दिवसांवर आलेला, ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ मोहीम तोंडावर. आधी मुलं शोधायची, मग नोंदवायची, मग एप्रिलमध्ये ‘पहिले पाऊल’ म्हणत शाळापूर्व तयारी मेळावा भरवायचा. त्यात सात टेबलं: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास अशी. दोन शिक्षक आणि सात टेबलं. उरलेल्या पाच टेबलांवर चौथीची लेकरं बसतात आणि सहा वर्षांच्या भावाबहिणींचा सामाजिक-भावनिक विकास तपासतात.

दारोदार फिरताना सगळ्यात मोठी अडचण पिवळ्या गाडीची. इंग्रजी शाळेची व्हॅन सकाळी वाडीच्या पारापाशी येते आणि टाय बांधलेलं लेकरू उचलून नेते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल, तर खासगी शाळेला पंचवीस टक्के मोफत प्रवेशांतून सूट. सरकारला आपली शाळा इतक्या जवळ असल्याचं पहिल्यांदाच आठवलं. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैत नियमच रद्द केला. पण वाडीतल्या आईला हे निकाल माहीत नसतात. तिनं सरांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “तुमच्या शाळेची गाडी कामून येत नाही?” सर म्हणाले, “शाळा इथंच आहे ना ताई, समोर दिसती.” ती म्हणाली, “म्हणूनच तर.”

एका घरात तीन वर्षांचं लेकरू दिसलं. सरांनी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती शेतकऱ्याची आभाळाकडं बघायची नजर. मॅडमनी हाताला धरून बाहेर काढलं.

शनिवार कायद्यानं आनंददायी. मार्च २०२४ चा तसा शासन निर्णयच आहे. पहिली ते आठवीच्या मुलांनी त्या दिवशी योग करावा, गोष्टी ऐकाव्यात, खेळावं. लेकरं लंगडी खेळली. छान खेळली. मग फोटोसाठी पुन्हा खेळली, कारण पहिल्या वेळी कुणी हसत नव्हतं.

रविवारी, २३ मार्चला, नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा. वाचन पन्नास, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास. गावातल्या आजीबाई नऊवारी सावरत पोरांच्या बाकांवर बसल्या. एकीनं चष्मा शेजारणीबरोबर वाटून घेतला होता. परतलेल्या पोरीची आजीही होती. नातीनं रात्रभर तिच्याकडून सही गिरवून घेतली होती. पेपर संपल्यावर आजी सरांपाशी आली.

“गुर्जी, पट कमी पडायलाय म्हणं तुमचा.”

“एकानं, आजी.”

“मग मला घ्या की पहिलीत. खिचडी बी खाईन, बसून बी राहीन. कुठं कोयत्यावर जायचंय आता मला? आधार आहे माझ्यापाशी.”

सरांनी सवयीनं कार्ड हातात घेतलं, उजेडाकडं धरलं आणि नोंदणीच्या यादीशी ताडून बघितलं.

“आजी,” ते म्हणाले, “तुमचंबी एक अक्षर जास्त आहे.”