बापूंचा उतारा

शाहूपुरीत बापूंना विचारल्याशिवाय कुणाला आजारी पडता येत नाही. तांब्याच्या भांड्यातलं पाणी, जवस, शेवग्याच्या पानांची पूड असे मुक्काम करत बापू सध्या ॲपल सायडर व्हिनेगरवर आले आहेत. आधी स्वतः प्याले, मग काकूंना पाजलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी त्या बाटलीने मोरीच्या फरशा घासल्या. मग उरली राणी, म्हणजे बापूंची वरातीची पांढरी घोडी.

"भाईर देशात घोड्यांच्या चंदीत घालत्यात हे. माश्या बसत न्हाईत, पोटात खडा धरत न्हाई."

"पण बापू, सोसलं नाही तर?"

"घोड्याला उलटी करता येत न्हाई, ठावं हाय का? म्हणून तर जपून घालायचं!" आणि बाटली उपडी.

भिजवलेल्या हरभऱ्यावर पाव वाटी व्हिनेगर ओतून त्यांनी तोबरा चढवला. राणीने हुंगलं, वरचा ओठ उलटा करून सगळे दात दाखवले आणि मान अशी झटकली, की निम्मे हरभरे बापूंच्या धोतरात. पाठीवरच्या माश्या तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

शाहू महाराजांनी १८९५ साली गुळासाठी वसवलेल्या पेठेतली घोडी ती! आंबट कशाला खाईल? बापूंनाही ते पटलं. "चव मारायला" म्हणून त्यांनी गुळाचा खडा फोडून घातला. राणीने तोबरा चाटूनपुसून साफ केला. मग रोज गूळ वाढत गेला आणि व्हिनेगर आटत गेलं. शेवटी पाव किलो गुळाला चार थेंब हे प्रमाण बसलं. राणीच्या अंगावर तकाकी आली. बापू गल्लीभर सांगत सुटले, "थेंबाची ताकद बघा!"

परवाच्या वरातीत खोगिराचा पट्टा शेवटच्या भोकालाही पुरेना. नवरदेव बँडवाल्यांबरोबर चालत निघाला. जनावरांच्या डॉक्टरांनी राणीच्या बरगड्या चाचपल्या. त्या सापडल्याच नाहीत. "गूळ आजपासून बंद. असंच चाललं तर खुरं सुजून घोडी लंगडायला लागेल. गवत, पाणी आणि रोज फिरवणं, एवढंच."

बापूंनी गंभीरपणे मान हलवली. डॉक्टर वळताच माझ्या कानाशी लागले.

"चरबीवर व्हिनेगरसारखा उतारा न्हाई. उद्यापास्नं आठ थेंब करतो."

"आणि गूळ?"

"आठ थेंबाला अर्धा किलो तरी लागणारच की, मर्दा!"