पंच कुठं बसतात हो?

‘आपलं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे.’ खाली ‘कम्युनिटीचे नियम मोडल्यामुळे’ असं मोघम कारण आणि त्याच्याही खाली निळं बटण: लॉग आउट. म्हणजे घराबाहेर काढायचं ते काढायचं, वर जाताना दार तुम्हीच ओढून घ्या म्हणायचं.

आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींना हा प्रसाद ऐन दिवाळीच्या तोंडावर मिळाला. त्या घरून फराळ विकतात. चकलीचे रिल, ऑर्डरी, पत्ते, कुणाला तिखट कमी हवं, कुणाला डालडा चालत नाही, सगळा कारभार त्या एका खात्यात. गुन्हा काय? ते कुणी सांगितलं नाही. ‘लवंगी बॉम्ब शेव’ या नावानं घात केला असावा, असा त्यांच्या मुलाचा अंदाज. अंदाजच, कारण विचारायला पलीकडे माणूस नव्हता. एक फॉर्म मात्र होता. कोऱ्या कागदावर कोड लिहा, तो छातीशी धरा, फोटो काढा. ठाण्यात आरोपीला पाटी धरायला लावतात ना, तसा. मग मान डावीकडे, मान उजवीकडे, असा व्हिडिओ. वहिनींनी पदरानं घाम टिपून सगळं केलं. चहाला उकळी फुटायच्या आत उत्तर आलं: आम्ही आपल्या प्रकरणाचा काळजीपूर्वक फेरविचार केला, निर्णय अंतिम आहे. इतक्या झटपट न्याय तर रामशास्त्र्यांनाही जमला नसता.

तसं पाहिलं तर हेही वाळीत टाकणंच. आणि वाळीत टाकण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. 2016 चा कायदा: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. जातपंचायतीच्या क्रौर्याशी फराळवाल्या वहिनींच्या दुःखाची बरोबरी मी करणार नाही. तिकडे लोकांचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. पण तिथले पंच निदान समोर बसलेले असतात. त्यांची नावं पोलिसांत देता येतात. इथले पंच कुठं बसतात? कॅलिफोर्नियात? संगणकात? पंचच दिसत नाहीत तर फिर्याद कुणाविरुद्ध द्यायची?

आता थोरामोठ्यांचं ‘कायमचं’ बघा. डोनाल्ड ट्रम्प यांना ट्विटरनं 8 जानेवारी 2021 ला कायमचं हाकललं. मालक बदलले, नव्या मालकांनी लोकांचा कौल घेतला आणि 19 नोव्हेंबर 2022 ला खातं परत. कायमचं भरलं दोन वर्षांपेक्षाही कमी. आपल्याकडे कंगना रनौट यांचं खातं 4 मे 2021 ला कायमचं गेलं आणि जानेवारी 2023 मध्ये कायमचं परत आलं. मधल्या काळात त्या ‘कू’ नावाच्या देशी अ‍ॅपवर होत्या. जून 2024 मध्ये बाई मंडीच्या खासदार झाल्या आणि जुलैत बिचारं ‘कू’च बंद पडलं. ट्रम्पसाहेबांनी तर वर भरपाईही वसूल केली: खाती रोखल्याच्या दाव्यात फेसबुकवाल्या ‘मेटा’नं 2025 च्या जानेवारीत अडीच कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. आपल्या वहिनींनी अडीचशे रुपयांचा दावा लावला असता तर वकिलानं आधी चिवड्याची चौकशी केली असती.

याउलट सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची गोष्ट. 2021 साली त्यानं आजारी लेकराचा फोटो डॉक्टरांना दाखवायचा म्हणून काढला. गुगलच्या यंत्राला त्यात लैंगिक अत्याचार दिसला. ईमेल, फोन नंबर, पोराचे लहानपणापासूनचे फोटो, सगळं गेलं. पोलिसांनी तपास करून गुन्हा झालेला नाही असं सांगितलं. तरीही गुगलनं खातं परत दिलं नाही. ‘कायमचं’ ते हे. ज्याच्या मागं मतपेटी नाही, वकिलांची फौज नाही, त्याच्यासाठी राखून ठेवलेलं.

मग साधा माणूस काय करतो? आधी अ‍ॅप काढून पुन्हा टाकतो. मग हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावतो, ‘तू आयटीत आहेस ना?’ भाचा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण मामासमोर नाही कसं म्हणणार. मग भेटतो तो पाच हजारांत खातं परत मिळवून देणारा ‘एक्स्पर्ट’. हा ओटीपी मागतो, पैसे घेतो आणि स्वतःच ‘कायमचा बंद’ होतो. त्याच्या नादी लागू नका. दुसऱ्या नावानं नवं खातं काढलं तर फोन ओळखून तेही उडवतात. शेवटी माणूस चारचौघांत सांगतो, ‘हल्ली मी सोशल मीडियावर नसतो बुवा, मनःशांती मिळते.’ सक्तीच्या संन्यासाला इतका छान भगवा रंग दुसरा नाही. त्याला हसू नका. दहा वर्षांचे फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा, वारलेल्या काकांचे मेसेज एका रात्रीत गेले की माणसाला काहीतरी म्हणावंच लागतं.

एक दार मात्र उघडं आहे, आणि ते फारसं कुणी ठोठावत नाही. आपल्या आयटी नियमांनुसार प्रत्येक मोठ्या सोशल मीडिया कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची आणि निकाल 7 दिवसांत. निकाल पटला नाही, तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. अशा तीन समित्या 2023 पासून काम करताहेत. सरकारी समिती म्हटलं की आपण जांभई देतो, ठीक आहे. पण तिथं निदान माणसं बसतात.

तेव्हा खातं जिवंत आहे तोवर सेटिंगमध्ये जाऊन ‘माहिती डाउनलोड करा’ एवढं बटण आजच दाबा. गिऱ्हाइकांचे नंबर वहीत उतरवा. आणि गेलंच खातं, तर तक्रार करा आणि तिचा निकाल मिळाल्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. अपिलाचे 30 दिवस हातचे घालवू नका.